भाऊरावचं विमान

६ ऑगस्ट १९६३, चिखली

मुंबईचा ट्रंक कॉल, तीन मिनिटं. त्याची खरी किंमत — पोस्टात साडेचार तास बसणं, पोस्टमास्तरांच्या मुतखड्याची साद्यंत हकिकत, आणि एक लबाडी.

लबाडी अशी. शालिग्राम, माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबईत एका परदेशी विमान कंपनीत आहे. फोनवर म्हणाला, "मामा, वीस सप्टेंबरपासून मुंबई ते लंडन नवीन विमान निघणार म्हणतात. मधात एकच थांबा. पयल्या फेऱ्यांत शिकणाऱ्या पोरांले बोटीच्या भाड्यात नेणार. पण पक्कं नाही बरं का!"

शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. माझे कान सगळ्या तालुक्याला ठाऊक आहेत. ट्रक वेशीबाहेर असतानाच सांगतो, कोणता सिलिंडर कुरकुरतोय. तरी बाहेर येऊन पोस्टाच्या पायरीवर म्हणालो, "पक्कं झालं! पुंजाजीचा भाऊराव विमानानं इंग्लंडला जाणार. भाचा तिथं साहेब आहे."

असं का बोललो? आनंद झाला होता म्हणून. आणि पायरीवर दहा माणसं होती म्हणून.

९ ऑगस्ट

पुंजाजीकडे गेलो. तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता तेव्हापासूनची ओळख. माझा पहिला ट्रक जुनाट, मलकापूरहून मिठाची पोती भरून येताना राजूर घाटात धापा टाकायला लागला. अर्धी पोती उतरवली तेव्हा कुठं चढला. ती उतरवलेली पोती पुंजाजीनं पाठीवर घेऊन वरच्या वळणापर्यंत आणली. तो दिवस नसता तर आज माझे तीन ट्रक नसते. हे मी चारचौघांत कधी सांगत नाही. इथं लिहितो.

त्याच्या मुलाला, भाऊरावला, इंग्लंडात लीड्स गावी कापडाच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती मिळाली. त्यांच्या वस्तीतून परदेशी जाणारा पहिलाच. शिष्यवृत्तीत प्रवासखर्च नाही, म्हणून घरटी वर्गणी काढून वस्तीनं बोटीचं तिकीट घेतलं. बोट बारा सप्टेंबरची. पाच ऑक्टोबरच्या आत हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला.

मी म्हणालो, "काऊन बापा पोराले तीन आठवडे समुद्रात हेलकावे खायाले लावतं? ते तिकीट परत धाड. विमानात बसला की दुसऱ्या दिवशी लंडन!"

पुंजाजी म्हणाला, "तुमचा जीव हाय भाऊ पोरावर. ते दिसूनच राह्यलं."

त्याची बायको कलाबाई आतून म्हणाल्या, "इमानात भाकर नेऊ देतात का?"

"दशम्या न्या, ठेचा न्या!" मी म्हणालो. सगळे हसले. भाऊराव मात्र हसला नाही. विचारत होता — "काका, त्या कंपनीकडं एका दमात इतक्या लांब जाणारी विमानं हायेत का? बाकीच्यांची मधात दोन-तीनदा उतरतात." पोरगं हुशार. मी म्हणालो, "तुले काय करायचं? गाडीचं गाडीवाल्यानं पाहावं."

१९ ऑगस्ट

पोळा. घरी बैल नाहीत, म्हणून दरसालाप्रमाणे तिन्ही ट्रकांच्या बॉनेटला गुलाल आणि पुरणाचा नैवेद्य. रंगराव आडते म्हणाले, "भगवंतराव, औंदा विमान बी तोरणाखाली आणा!"

भाऊरावला बोलावून पहिल्या ट्रकात पुढं बसवला. हार घातला. मग बाजारपेठेत उभं राहून मी जे बोललो ते शब्दशः लिहून ठेवतो, विसरायला नको म्हणून — "माझ्या एका शब्दावर पुंजाजीनं बोटीचं तिकीट परत केलं. या तालुक्यात माझ्या शब्दाची किंमत छापील तिकिटापेक्षा जास्त आहे!"

टाळ्या पडल्या. भाऊराव खाली मान घालून हाराची फुलं मोजत होता. लाजला असेल.

तिकीट परत केलं का, हे पुंजाजीला मी विचारलं नव्हतं. केलं असेलच. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेलाय?

२७ ऑगस्ट, मुंबई

गिअरबॉक्सचे सुटे भाग घ्यायला आलो होतो. ते झाल्यावर शालिग्रामच्या ऑफिसात गेलो. तो साहेब नाही. जाहिरातीच्या पत्रकांचे गठ्ठे बांधून तिकिटांच्या दलालांकडे धाडतो. असो. मीही एके काळी ट्रकच्या काचा पुसत होतो.

बाकावर बसवून तो चहा सांगायला गेला. मागं लाकडी आडभिंत, तिच्या पलीकडे दोघे साहेब. दोघंही आपल्याकडचे, एक तर शुद्ध पुणेरी.

एक म्हणाला, "लंडनचा मार्ग जाहीर केला, पण त्यावर उडवणार काय?"

दुसरा — "जुनी चार आहेत ना."

"त्यांना तेवढा पल्ला नाही हो! तेल पुरेसं भरलं तर माणसं बसवता येत नाहीत. माणसं बसवली तर तेल कमी घ्यावं लागतं. एका थांब्यात लंडन कसं गाठणार? नवं जेट येणार मार्चमध्ये. आलं तर."

"मग ही पत्रकं?"

"पत्रकं सुंदर झाली आहेत."

मला इंजिनाचं कळतं. घाटात अर्धी पोती उतरवलेला माणूस मी. क्षणात कळलं. रस्ता आहे, उतारू आहेत, गाडी नाही. पत्रकं छापून गाडी तयार होत नसते.

शालिग्राम चहा घेऊन आला. त्याला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मी तुमाले पयलेच म्हणलं होतं मामा, पक्कं नाही म्हणून. भाऊरावचं नाव यादीत लिहून ठेवलं. अजून काय करू?"

त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

२९ ऑगस्ट

सकाळी चिखलीत उतरलो. ठरवलं होतं — पिशवी घरी न टाकता आधी पुंजाजीकडे. बोट सुटायला चौदा दिवस आहेत. तिकीट परत गेलं असलं तरी धावपळ करून पुन्हा जागा मिळेल. खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

स्टँडवर रंगराव चार जण घेऊन उभेच. "काय भगवंतराव, पोराले जागा कुठं भेटली? खिडकीपाशी का?"

मी म्हणालो, "खिडकीपाशी."

आणि घरी आलो.

२ सप्टेंबर

आज जाणार होतो. गेलो नाही.

४ सप्टेंबर

आजही नाही. धामणगाव बढ्याला माल पोचवायला दुसरा कोणी नव्हता, असं स्वतःला सांगितलं. दोन ड्रायव्हर घरी बसून पत्ते खेळत होते.

६ सप्टेंबर

ही म्हणाली, "मुंबईहून आल्यापासून तुमी जेवून नाही राह्यले. कोनाशी भांडन झालं का?" नाही म्हणालो. म्हणाली, "मंग कोनाचं काई बिघडवलं का?" सरस्वतीचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. ताटावरून उठलो.

खरी गोष्ट अशी की मला पुंजाजीच्या रागाची भीती नाही. तो रागावणार नाही. भीती आहे ती स्टँडवरच्या हसण्याची. एका पोराचं आयुष्य एका पारड्यात, रंगरावांचं हसणं दुसऱ्यात, आणि दहा दिवस झाले, माझं पारडं हसण्याकडे झुकलंय.

७ सप्टेंबर

जिनिंगच्या फाटकाशी पुंजाजी समोरच आला. टाळता आलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, लय उतरले तुमी. तब्येत बरी नाही का?" मग जरा थांबून — "एक सांगाचं होतं तुमाले, लय दिसापासून..."

मला वाटलं, आता विचारणार, विमानाचं तिकीट कुठंय. "घाईत आहे रे पुंजाजी, मागून बोलू," म्हणून सटकलो. पन्नास पावलं गेल्यावर वळून पाहिलं. तिथंच उभा होता.

१० सप्टेंबर

शालिग्रामचं पत्र. लंडनची सेवा बेमुदत पुढं ढकलली. कारण लिहिलंय — योग्य विमानं उपलब्ध नाहीत. हे मला चौदा दिवसांपूर्वी फुकट कळलं होतं!

बोट परवा. आता लपवायला काही उरलं नाही. उद्या सकाळीच जातो. सगळं सांगतो. विमानाचं, आडभिंतीचं, खिडकीचंसुद्धा. ट्रकनं मलकापूर, तिथून रेल्वे, भाऊरावला घेऊन थेट बोटीच्या ऑफिसात. तिथं पाय धरीन कोणाचेही. जागा नाहीच मिळाली तर एक ट्रक विकून दुसऱ्या कंपनीच्या विमानानं पाठवीन. हिला सांगितलं सगळं. ती एवढंच म्हणाली, "बाराशे वेळा या घरावरून गेला असन पुंजाजी. दारातून हाक मारली असती त आला असता."

११ सप्टेंबर

गेलो. पुंजाजीच्या दाराला कुलूप. शेजारच्या सिंधूताई धान्य पाखडत होत्या. म्हणाल्या, "ते त कालच गेले ना भाऊ मुंबईले, पोराले बोटीत बसवाले. तिकीट कोनी परत केलं होतं? तुमी येऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिशी विहारापुढं सगळे बसलो. वर्गणी साऱ्यायची, त इचार बी साऱ्यायचा. बोटीनंच धाडाचं ठरलं. तुमाले कोनी सांगलं नाही. म्हनलं, माणसाचा जीव हाय पोरावर, उगाच वाईट वाटन."

म्हणजे दहा ऑगस्टलाच. पोळ्याला भाऊराव माझ्या ट्रकात हार घालून बसला होता, तेव्हा बोटीचं तिकीट त्याच्या घरीच होतं.