पूल काही वर जाईना

८ जून २००३, रवि.
मुक्तानं हैदराबादहून सीडी धाडली. आपली कन्या तिकडे शिकते अशी आम्हा उभयतांची समजूत; ती गेम शोधते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून जो संपवला, त्याचा हा दुसरा भाग. अथ उत्तरार्ध. घंटा ओतणाऱ्याची मुलगी आयडा पहिल्या भागात हरवलेल्या बापाला शोधत समुद्रापर्यंत गेली होती. आता बाप नाही. त्यानं ओतलेली शेवटची घंटा नावेत घालून ती नदीनं वर, गावाकडे निघालीय. मारामारी नाही, गोळीबार नाही. माउसचा बाण न्यायचा, वस्तूवर टिचकी मारायची, माणसं भेटतील त्यांना बोलतं करायचं. म्हणजे माझाच वार्ताहराचा धंदा. फक्त आयडाला संध्याकाळच्या आत बातमी पाठवावी लागत नाही.
सु. (सौ. सुनंदा) आणि मी, दोघांनी मिळूनच खेळायचं. एकट्यानं पुढे जायचं नाही, असं ठरलं.
कॉम्प्युटर बातम्या धाडण्यासाठी घेतलाय, हे स्मरणार्थ.

११ जून, बुध.
सु.च्या बँकेत प्रमोशनची यादी लागली. क्लार्कची ऑफिसर. पोस्टिंग जिल्ह्याबाहेर, बहुतेक कोकणात. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं. मागं एकदा मुक्ता लहान म्हणून नाकारलं, एकदा माझ्या आईच्या आजारपणात. या वेळी नाही म्हटलं की नाव परत यायचं नाही.
तिनं हे मेथी निवडत सांगितलं. मी म्हणालो, तुझी इच्छा. फार उदार वाटलं मला. ती पुन्हा मेथीकडे वळली.
गेम: नाव एका पुलापाशी. डोलकाठी अडते, पूल वर उचलावा लागेल. पुलवाला म्हातारा आहे. उचलत नाही.

१४ जून, शनि.
म्हाताऱ्याला देऊन पाहिलं ते: कोळसा, चहाची पूड, आयडाची शाल, एक बरीशी मासळी. काही घेत नाही. इतकी वर्षं जिल्ह्यात वार्ताहरकी करून राह्यलो, पण पुलावर उभा राहून काहीच न घेणारा माणूस हा पहिलाच. कल्पित वाङ्मय म्हणतात ते हेच.
सु. म्हणाली, तो काय म्हणतो ते तर पुरतं ऐका. पण म्हातारा लांबण लावतो. दोन वाक्यं झाली की मी एस्केप दाबतो. सार घ्यायचं, पाल्हाळ सोडायचा. नाहीतर बातमी पानात बसायची कशी.

१७ जून, मंगळ.
शहागडला गेल्तो. वाळूचा ट्रक आडवा झालेला, हायवे दुपारपर्यंत बंद. घामाघूम परतलो तर कॉम्प्युटर चालू, सु. समोर, आणि नाव पुलाच्या पलीकडे.
नियमभंग. तसं बोललोही. तिचं म्हणणं, नियमच मोडायचा असता तर ती थेट गावापर्यंत गेली असती. पुलापलीकडे नाव लावून थांबलीच की.
केलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. पुलाशेजारी बाकडं आहे. त्यावर आयडाला बसवायचं आणि म्हाताऱ्याला बोलू द्यायचं, मधे न तोडता. म्हाताऱ्याचं बोलणं इंग्रजीत, म्हणून सु. मांडीवर डिक्शनरी घेऊन बसली होती. बायको, पूर, एका वर्षी न आलेली बोट, पुन्हा बायको. सगळं सांगून झालं की तो आपणहून उठतो आणि चाक फिरवतो. पिशवीतलं काहीच लागत नाही.
गेमची रचना सदोष आहे, असं मी म्हणालो. हसली नाही.

१९ जून, गुरु.
घरात संवाद काटकसरीचा. "अहो" म्हणते, पुढचं वाक्य येत नाही.
जाफराबादहून जीपमधून येताना शेजारी ओळखीचे मास्तर. म्हणाले, "मॅडमला प्रमोशन भेटलं म्हणे. मंग जाऊन राह्यल्या का?"
मी म्हणालो, तिची इच्छा.
"बराबर," मास्तर म्हणाले. "म्हंजी न्हाई."
पुढं जालन्यापर्यंत सरकीच्या भावावर बोललो.

२२ जून, रवि.
मास्तरांचा किस्सा सु.ला सांगितला, गंमत म्हणून. तिनं ताटं मांडता मांडता हात थांबवला.
"इच्छा विचारली न्हाई तुम्ही. माझ्या अंगावर टाकली. राह्यले तर माझी इच्छा, गेले तर बी माझीच. तुम्ही दोन्हीकडून सुटले."
यावर मी संस्कृत काव्यातला नायिकाभेद काढला. नवरा परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका; तिच्यावर काव्यांचे ढीग. बायको परगावी गेलेल्या नवऱ्यालाही शब्द आहे, पण बिचाऱ्याला कुणी श्लोक दिला नाही. आपण पहिला मान घेऊ.
"झाला विनोद? मंग जेवून घ्या."
आमटी उत्तम होती. हे बोलून दाखवायची वेळ नव्हती.

२६ जून, गुरु.
मंत्र्यांचा दौरा. बातमी दोन परिच्छेद, त्यातला एक हारतुऱ्यांचा.
गेम बंद. वीज असूनही. आयडा तशीच नावेत बसलेली असणार.
मुक्ताचा फोन. आई गेली तर तुमचं कसं, म्हणाली. मी सगळं लावून दाखवलं: डबा खानावळीचा, इस्त्रीवाला कोपऱ्यावर, धुण्याभांड्याला बाई येतेच. "मंग जाऊ द्या की तिला, बाबा," म्हणाली. फोन ठेवून वळलो तर सु. दारात उभी. कधीपासून, माहीत नाही.

२९ जून, रवि.
उद्या शेवटची तारीख. सकाळी चहा झाल्यावर विचारलं, तुला जायचंय का? एवढंच. पुढं काही जोडलं नाही. जीभ शिवशिवत होती.
बोलली. पहिल्यांदा तुटक, मग सलग. काउंटरवर इतकी वर्षं काढली, आतल्या केबिनमध्ये बसून पाहायचंय. कागदावर शेवटची सही आपली असावी. परक्या गावात आपलं आपण कुलूप लावून बाहेर पडावं, आल्यावर आपणच उघडावं. हे सगळं ती मागच्या दोन्ही वेळेलाही मनात बोलली असणार. मी आज ऐकलं. चहाच्या कपांना माशा लागल्या, तरी कुणी उठलं नाही.
भीती वाटते का, विचारलं.
"वाटते. तिथली न्हाई, इथली. मी गेले अन् तुमचं काहीच अडलं न्हाई, तर?"
"अडेल," मी म्हणालो.
"काय अडेल?"
डबा, इस्त्री, धुणंभांडी. गुरुवारी फोनवर मीच एकेक निकालात काढलेलं, आणि ती दारात. एखादं समासयुक्त वाक्य टाकून वेळ मारून नेता आली असती. नेली नाही. विचार करून सांगतो, म्हणालो.
"सांगा," म्हणाली. कप उचलून आत गेली.
तिला उद्या बँक उघडली की उत्तर द्यायचंय. मला त्याच्या आधी.