नव्या चाकांचं कुंकू

दिशा गो,

सायकलची नवी चाकं पलंगाखाली हायत. ॲल्युमिनियमची आणलीत. काल दुकानात कार्बनची परवडत नाय हे चारचौघांत बोलवेना, म्हणून तुझ्या सायकललाच नावं ठेवली. चुकलं माझं. दुकानदार बोलला, घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला तरी हीच टिकतात.

सकाळी रिक्षाची करतो तशी चाकांची पूजा केली आणि तेलातलं कुंकू नेमकं रिमवर लावलं. ब्रेक तिथंच लागतो, हे नंतर ध्यानात आलं. साबणानं तीनदा धुतलंय, तरी आधी अंगणात ब्रेक दाबून बघ.

मी भाड्यासाठी वीर स्टेशनला चाललोय. रविवारी तुम्ही आंबेनळी घाटात जाल तेव्हा रिक्षा मागनं आणीन, लांबच ठेवीन. मैत्रिणींनी विचारलंच तर म्हण, कोणतरी भाडं घेऊन चाललाय.

बाबा