आज मी सखारामला दारात थांबवलं

उंद्री

प्रिय माय,

आज दुपारी मी एका माणसाला दारात थांबवलं. सुईणपणात तू कधी कोणाला थांबवलं नाहीस, म्हणून हे तुलाच सांगायचंय. हट्टानं चौथीपर्यंत शाळेत धाडलंस, ते अक्षर तुझ्यासाठीच कामी येतंय!

वरच्या आळीतलं बाळंतपण उरकून मी नुकतीच घरी आले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मला सातवा महिना लागलाय, माय. भाकरीचा तुकडा मोडला तोच मळ्यातला सखाराम, रखमीचा नवरा, धापा टाकत आला.

"चाल वो बाई! रखमीले सकाळपासून कळा येऊन राह्यल्या."

"गाडी जुंप. मी दोन घास खाते, मदतीले गिरजाकाकूले संग घेते."

"तिचा जीव जाऊन राह्यला अन् तू जेवतं? तुही माय अशी नव्हती!"

तरी मी पाण्याचे घोट घेत घेत घास गिळला. तो अंगणात येरझारा घालत होता. रखमी गेली तर? मी दुसरा घास घेतला.

खरंच, तू अशी नव्हतीस. त्या हिवाळ्यात तुझं अंग तापानं फणफणलं होतं. बापू दार अडवून उभे राहिले, "ताप तरी उतरू दे वो!" तू म्हणालीस, "माह्या तापासाठी तिच्या कळा थांबतीन काय?" आणि बोचऱ्या वाऱ्यात पायी गेलीस. ती बाई सुटली. तू परतलीस ती छाती भरूनच, मग अंथरुणावरून उठलीच नाहीस.

भेटायला आलेल्या बाया म्हणत होत्या, देवमाणूस गेली. मला इतका संताप आला होता! त्यांच्या पोरांना माय राहिली. आमच्या धाकट्या शांतीनं कोणाला हाक मारायची? निघताना एकदा तरी तिच्याकडे पाहिलंस का गं?

आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा रखमीचे डोळे फिरत होते. पोर पायाळू. इंग्रजी दवाखाना चिखलीला, तिथवर नेणार कसं? गिरजाकाकूनं तिला मागून घट्ट धरलं. पोर आलं ते निळं पडलेलं. रडेना! मी तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली. बाहेर सखाराम माझ्या नावानं ओरडत होता. "उशीर केला हिनं, उशीर केला!" पुन्हा चोळली. मग कुठं बारीकशी किरकिर ऐकू आली, आणि मी पोर रखमीच्या कुशीत ठेवलं.

सखारामनं पोर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना गिरजाकाकू म्हणाली, "उपाशी आली असती तर तूच पडली असती वो." असेल. पण ते पोर गेलं असतं, तर हे तिनं मला सांगितलं असतं का? आणि मी मानलं असतं का? तूच सांग, माय! तुझा राग येतो, आणि हाक आली की पाय मात्र तुझेच होतात.

ते पाय आता मी आवरणार आहे. पुढच्या महिन्यापासून सगळी बोलावणी गिरजाकाकूकडे जातील. तिला बरंचसं येतं, उरलेलं मी शिकवीन. तोवर जाईन, पण अंगात बळ असेल तेव्हाच. कोणी तुझं नाव घेऊन अंगणात ओरडलं, तर ओरडू दे. ते ऐकत मी घरात बसून राहीन. फार जड जाईल, तरी बसेन. माझ्या लेकराला मीच वाढवीन, माय.

तुझी,
गोदी