मामंजींची सकाळची फेरी

बंगळूर,
२५ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. कौशल्यावन्सं यांना,
अंजलीचा वाकून नमस्कार (वाकलेलीच आहे, हातात फडकं आहे). तुमचे गुडघे काय म्हणतात? नंदकिशोररावांचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू सकाळी सातला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये बसतात, त्यामुळे त्यांचं तर फारच ठीक.

तुम्हाला फोनवर अर्धंच सांगितलं होतं, कारण एसटीडीवाला घड्याळाकडे बघत होता. जूनमध्ये यांनी येलहंक्याच्या एका मित्राकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. मर्दानी नाव हवं म्हणून यांनीच हौसेनं ‘हंबीरराव’ ठेवलं. वन्सं, दिसायला इतका गोड, पण ढिम्म हो! पुस्तकात लिहिल्याप्रमाणे खाणं झालं की मी त्याला अंगणात नेते. तो अर्धा तास फुलपाखरं बघतो, घरात येतो आणि मग निवांत बैठकीच्या खोलीत कार्यक्रम उरकतो. मग मी ओरडते, ‘हंबीरराव, मेल्या, लाज नाही वाटत?’ तो पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमही पलंगाखाली.

आमच्या घरमालकीण सकवारअक्का खाली राहतात. मराठीच, पण घराणं तीनशे वर्षं इथलं. महिनाभर त्या माझ्याशी बोलेनात. मला वाटलं, वासामुळे. शेवटी शेजारणीनं सांगितलं, की घराला नाव त्यांच्या सासऱ्यांचं आहे: ‘हंबीरराव निलय’. अहो, पाटी कानडीत! आम्ही दोन वर्षं तिच्याखालून ये-जा करतोय, वाचायला कुणाला येतंय? आणि मी रोज सकाळी वरून त्यांच्या सासऱ्यांचा उद्धार करत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव बदलून पाहिलं, पण स्वारी दुसऱ्या नावाला कानही हलवीना.

मग जिन्यात प्रसाद पडला आणि अक्का वर आल्या. ‘दसऱ्यापातुर सुधारलं न्हाई, तर त्यांना येलहंक्याला धाडा.’ (सासऱ्यांचं नाव त्या घेत नाहीत, म्हणून कुत्र्यालाही ‘ते’ आणि ‘त्यांना’.) आमच्या सिद्धीनं त्याची ताटली स्वतःच्या दप्तरात भरली आणि म्हणाली, मीपण जाते. सात वर्षांची पोर! मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. इतकं पुसल्यावर माया बसतेच.

घटस्थापनेच्या सकाळी मी खिडकीतून बघते तर अक्का अंगणात, हातात चकली, आणि समोर आमचा ढिम्मोबा. अगदी अदबीनं म्हणत होत्या, ‘मामंजी, या. हिकडं झाडाखाली. स्वल्प लवकर.’ (स्वल्प म्हणजे कानडीत जरासं.) आणि वन्सं, झाडाखाली झालं हो! लगेच चकली, लगेच डोक्यावरून हात. आता रोज सहाला आणि जेवणानंतर तीच फेरी. आरडाओरडा बंद. नऊ दिवसांत दोनदाच चुकला. दसऱ्याला अक्कांनी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि मला हळूच म्हणाल्या, ‘चाळीस वर्सं ते बस म्हणाले की मी बसले. आता मी बसा म्हणते.’ आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. येलहंक्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

तेव्हा दिवाळीला नक्की या. घर कोरडं आहे. नंदकिशोररावांना नमस्कार सांगा.

तुमची,
अंजली

ता. क. आमच्या लग्नात तुम्ही दिलेला गालिचा कुठे आहे, ते आल्यावर विचारू नका. फार चांगला होता.

ता. क. दुसरा. अक्का काल रिक्षा करून येलहंक्याला गेल्या आणि हंबीररावाची धाकटी बहीण घेऊन आल्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून ठेवलीय आमच्याकडे. नाव विचारलं, तर सांगेनात, नुसत्या लाजल्या. मी शेजारणीला विचारलं. अक्कांच्या सासूबाईंचं आहे. तर वन्सं, येताना एखादा गालिचा आणाल का? जुनाच आणा.