अभनपुरची हिरवी टिकली

१९ सप्टेंबर
मीनलचा नागपूरहून फोन. "बाबा, दिवाळीपर्यंत पहा. नाही जमलं तर आईचं फराळाचं काम बंद करा, अन् इकडे या." बरं म्हणालो. सुधा होती तोवर सगळ्या ऑर्डरी तिला तोंडपाठ असत. मी नुसते डबे पोचवत होतो. काल एकाचे अनारसे दुसऱ्याच्या घरी दिले.

२१ सप्टेंबर
मीनलने फोनवर ऑर्डरींचा तक्ता करून पाठवला. आली, तळण चालू, पोचली. 'पोचली'वर बोट ठेवलं की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जातो. छानच आहे. दुलारीला दाखवला. तळण सगळं तिच्या हातचं, सुधाबरोबर पहिल्यापासून. "मोला पढ़े बर नइ आवय, भैया." वाचताच येत नाही, विषय संपला.

२२ सप्टेंबर
न्हाणीघरातला आरसा पुसायला घेतला. सुधा रात्री टिकली काढून काचेच्या कडेला लावायची. कितीतरी साठल्यात. दुलारी धावत आली. "झन निकालव भैया, दीदी के आय!" काढू नका म्हणते. फडकं ठेवून दिलं.
मग सुचलं. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक टिकली. शंकर नगरच्या जोशीबाई लाल, अभनपुरच्या देशमुख वहिनी लांबट हिरवी. ऑर्डर आली की टिकली आरशावरून फ्रिजवर. डबा पोचला की परत आरशावर. फ्रिज पाहून संध्याकाळी मी फोनवरचा तक्ता भरायचा. गोंद गेलेल्यांना ओल्या पिठाचा ठिपका. दुलारीने एकदा ऐकलं, पाठ.
मोठी मरून कोणाला दिली नाही. ती तिने लावलेली शेवटची.

३ ऑक्टोबर
सगळे डबे वेळेवर. जोशीबाई म्हणाल्या, "काका, सुधर गये आप तो!" मीनलला फ्रिजचा फोटो पाठवला. तिने हसरे चेहरे पाठवले, मत नाही.

९ ऑक्टोबर
सकाळीच देशमुख वहिनी फोनवर. "काहून भाऊजी, चकली पोचली म्हणून मेसेज आला, अन् माह्या दारात तर कोणीच नाही! कोणाले चारली? संध्याकाळी पाव्हणे येऊन राहिले."
अभनपुरचे डबे दुलारी बसने धाडते; काल फ्रिजवर लांबट हिरवी नव्हती, म्हणून मी 'पोचली' दाबलं. आरशावर पाहिलं, तिथेही नाही.
दुलारी कामावर आली. टिकली तिच्या कपाळावर.
चुलीपाशी घाम येतो म्हणून ती आपली टिकली काढून फ्रिजला लावते, जाताना न पाहता उचलते. तिची गोल हिरवी फ्रिजच्या दाराच्या कोपऱ्यात तशीच.
म्हणालो, "दुलारी, अभनपुर तोर माथा म हवय."
तिने कपाळाला हात लावून पाहिलं आणि ती खालीच बसली. हसू आवरेना. मलाही. या घरात इतक्या दिवसांनी…
मग चकल्या. सोऱ्या मी फिरवला, पहिला घाणा तुटला. "दीदी देखतिस त मारतिस," दुलारी. डबा स्वतः अभनपुरला नेला. वहिनींनी उभ्याउभ्याच एक मोडून खाल्ली. "सुधाच्या चकलीले काटा जास्त असे. पण आणत जा."

१४ ऑक्टोबर
नवा नियम: दुलारीची टिकली खिडकीच्या गजाला. फ्रिजला लावायची नाही. ती म्हणते, मी टिकली कुठे लावते ते तुम्हीच आधी विचारायचं होतं. खरं आहे.
उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका कँटीनवाल्याचा फोन. दिवाळीनंतर दर आठवड्याला शेव-चकली हवी. "अंकल, हाँ या ना?" उद्या सांगतो म्हणालो. दिवाळीनंतरचं मीनलशी काहीच बोललो नाही.
दुलारी आरशापाशी. "उरला बर कोन टिकली, भैया?" सगळ्या वाटून झाल्या. राहिली मरून. माझ्याकडे पाहून ती कढईकडे वळली.

१५ ऑक्टोबर
बाजारात गेलो. टिकल्या कधी विकत घेतल्या नव्हत्या. दुकानातली पोरगी चार पत्रे उलगडून, "आंटी को कौन सा पसंद है?"
मरून, म्हणालो.
मरूनची दोन पाकिटं घेतली. मग तिसरं, पिवळं. उरल्याच्या कँटीनचं.
घरी येऊन पीठ मळायला घेतलं तर मीनलचा फोन वाजू लागला. हात भाजणीच्या पिठात. दुलारीला म्हटलं, वाजू दे, घाणा काढून बोलतो.