माझ्या पोटातलं तिच्या पोटात

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज परत रक्त. अक्षदा ओरडली नाही, नुसती बाथरूमची कडी काढून खाली बसून राहिली. सकाळपासून अकरा वेळा गेलेली. आईने फरशी पुसली, मी तिला उचललं. चौतीस किलो! तेवीस वर्षांची माझी बहीण, आणि मी एकटी तिला उचलते.

क्रोन्सला, आतड्याच्या या दुखण्याला, तेरा वर्षं झाली. तीन औषधं बदलली. चौथं, हे इंजेक्शन, गेल्या महिन्यापासून लागू पडत नाही.

कळव्याहून खोपटला दुकानात पोचायला उशीर झाला. दिवसभर मेडिकलच्या काउंटरवर लोकांना पोटाची औषधं दिली. तिला देण्यासारखं त्या कपाटात काही नाही.

६ फेब्रुवारी

डॉ. योगिनींकडे गेलेलो. त्यांच्या हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू पेशंटच्या आतड्यात सोडतात. आई म्हणाली, "म्हणजे... शी?" डॉक्टर म्हणाल्या, "हो. खात्री नाही. पण दुसरं काही उरलेलं नाही."

मग त्यांनी समजावलं. पोटात कोणत्या जिवाणूंना राहू द्यायचं ते बरंचसं आपले जीन्स ठरवतात. आणि जे राहतात ते आतड्यातले कुठले जीन्स जागे ठेवायचे, कुठले झोपवायचे, ते बघतात. दोघं एकमेकांना सांभाळतात. बिघडवतातही.

"आमच्याकडे सासू-सुनेचं असंच होतं," आई म्हणाली. हसली नाही. मग, "पहिलं कोण बिघडलं हो?"

"ते आता नाही सांगता येत."

आईला तेच ऐकायचं होतं की नको होतं, कळलं नाही. आम्ही जुळ्या. तीन वर्षांच्या असताना अक्षदाला न्यूमोनिया झालेला, महिनाभर अँटिबायोटिक. मला तेवढे दिवस डोंबिवलीला नंदाआत्याकडे ठेवलेलं. तिथून परत आले ती मी धडधाकट, आणि ही कायमची नाजूक. घरी येताना रिक्षात आई पुटपुटत होती — "मीच पाजलं. दिवसातून तीनदा, नाक दाबून."

पाजलं नसतं तर ती आज नसती. हे डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, पप्पांनी सांगितलं. उपयोग शून्य.

७ फेब्रुवारी

मी देणार!

१२ फेब्रुवारी

माझं रक्त तपासलं, शौच तपासलं, सतरा प्रश्न. डॉक्टरांनी विचारलं, "जुळ्या म्हणजे एकसारख्या?" आई लगेच म्हणाली, "नाही हो, दोघींची वार वेगळी पडली होती. सुईणबाईंनी तेव्हाच सांगितलं, वेगवेगळ्या आहेत." आणि दिसतंच की. आम्हाला जुळ्या म्हटलं तर लोक हसतात. तरी दोघींचे जीन्स तपासायला रक्त घेतलंय. रिपोर्टला दोन महिने.

अक्षदाला सांगितलं तर म्हणाली, "शी! तुझं मी माझ्यात घेऊ?" आणि हसता हसता रडायला लागली. मी डबा नेऊन दिला तेव्हा मलाही तसंच झालं. एवढंच देता येतंय, आणि तेही हे!

२७ फेब्रुवारी

झालं. दुर्बिणीतून सोडलं. आता वाट बघायची.

११ मार्च

दिवसातून तीनदाच! रक्त नाही! आज तिने खिमट बाजूला सारलं, म्हणाली कोळंबीचं कालवण कर. कामाला निघालेले पप्पा अर्ध्या वाटेतून मागे फिरून मासळीबाजारात गेले. तिने चार घास खाल्ले. आम्ही तिघं जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसलेलो. "काय बघताय? टीव्ही आहे का मी?"

आई म्हणते, बोलू नका, दृष्ट लागते.

२ एप्रिल

नऊ वेळा. रक्त.

४ एप्रिल

डॉ. योगिनींनी परत तपासलं. माझ्याकडचे जिवाणू जवळजवळ सगळे गेलेत. तिचे जुने होते तेच परत पसरलेत. "राहिले नाहीत तिच्यात," म्हणाल्या. मी विचारलं, परत देऊ का? रोज देते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे नाही. काउंटरवर उभं राहून असं न बोललेलं 'नाही' मला चांगलं कळायला लागलंय.

आता आतड्याचा तुकडा कापायचा. मे महिन्यात.

रिक्षात अक्षदा म्हणाली, "तुझ्यात माझ्यात फरक आहे ना, म्हणून नाही टिकले." मलाही तेच वाटलं. थोडं बरंही वाटलं. लाज वाटते लिहायला. पण वाटलं — की हे तिच्या जन्माबरोबर आलेलं आहे, माझ्या नाही.

१९ एप्रिल, शनिवार

जीन्सचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सगळं सारखं. जे दोन जीन्स तिला नडले, ते माझ्यातही आहेत, तस्सेच. आम्ही एकाच बीजाच्या! वार वेगळी असली तरी असं होतं, म्हणाल्या. सुईणबाई चुकली.

मी विचारलं, मग माझ्यात राहतात ते तिच्यात का नाही? "जीन्स तेच, पण तिच्यातले तेरा वर्षं पेटलेले आहेत. तुझ्यातले झोपलेत." कशामुळे पेटले? त्या महिन्यामुळे? "असेल. नसेलही." मला होईल का? "सांगता नाही येत."

आई म्हणाली, "म्हणजे तेव्हा हिला आत्याकडे न ठेवता दोघींना एकत्र ठेवलं असतं तर..." अक्षदा खिडकीबाहेर बघत होती.

२१ एप्रिल

आज मी केस विंचरत होते, तर अक्षदा आरशापुढे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. डोकं माझ्या खांद्याला लागलं. वर बघून म्हणाली, "म्हणजे मी एवढी होणार होते."