मिनाराचे दुधी आणि माझी चौतीस वर्षांची वट

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. इंग्लंडात, ओल्डहॅमला मुलाकडे येऊन सात वर्षं झाली, डोकं गंजत चाललंय. बांगलादेशात, सुनामगंज जिल्ह्यात चौतीस वर्षं सरकारी ठेकेदारी केलेला माणूस इथे रोज नातवंडांच्या शाळेच्या फाटकाशी छत्री धरून उभा असतो.

निमित्त मिनाराचं. तिच्या बहिणीने देशातून दुधीच्या सहा बिया पाठवल्या. त्या रुमालात बांधून ठेवत होती. विचारलं, तर म्हणाली, या वर्षी इन्शाल्ला जमिनीत लावीन. बायकोने त्रेचाळीस वर्षांत एवढंच मागितलंय. गावी अंगणात तिचा दुधीचा मांडव होता, पण माझी खडी ठेवायला दुसरी जागा नव्हती. मांडव तीनदा खडीखाली गेला. तेव्हा ती काही बोलली नव्हती. म्हणजे तिला पटलं असणार.

कालव्याकाठी भाजीबाग आहे. तिथे लोकांना जमिनीचे तुकडे भाड्याने देतात. शाहेद म्हणाला, आब्बा, तिथे चार-चार वर्षांची यादी असते, आणि मुळात... मी त्याला थांबवलं. मिनाराही काही सांगायला लागली होती. तिलाही थांबवलं. म्हटलं, तू फक्त बिया सांभाळ, बाकी मी आहे.

संकल्प: पंधरा दिवसांत जमीन.

६ मार्च, गुरुवार

बागेत जाऊन पाहणी केली. सगळा कारभार सेक्रेटरी मिसेस ओग्डेन यांच्या हातात. वय सत्तर, पायात गमबूट, हातात फावडं. सेक्रेटरी स्वतः शेणखत उचलते! दारात शिपाईसुद्धा नाही. मग भाव विचारायचा कुणाला? आमच्याकडे सरकारी कार्यालयाच्या दारात शिपाई कुद्दुस स्टुलावर बसलेला असायचा. साहेबांचा मूड, साहेबांचा आकडा, साहेबांची बदली, सगळं एका विड्यात कळायचं. या देशाने एवढी प्रगती केली म्हणतात, ती कुद्दुसशिवाय कशी केली कोण जाणे.

बाईंनी फॉर्म दिला. मी हसून घडी घातली आणि खिशात ठेवला. फॉर्म भरायचे ते बिनओळखीच्या माणसांनी.

मग त्या म्हणाल्या की हवा फार वाईट आहे. मी कान टवकारले. आमचे इंजिनियरसाहेबही आधी हवेवरच यायचे. पाठोपाठ म्हणाल्या की हल्ली गुडघे फार दुखतात. झालं! इंजिनियरसाहेबांच्या आईचं पित्ताशय मी स्वतःच्या खर्चाने तीन वेळा काढून दिलंय. एवढी सूचना मला पुरते.

इथे नोंद करून ठेवतो: मी आयुष्यात लाच दिलेली नाही. भेट दिली, मिठाई दिली, कुणाच्या मुलीच्या लग्नात फ्रिज दिला. लाच वेगळी.

९ मार्च, रविवार

दीड किलोचा गोठवलेला हिल्सा मासा, पद्मा नदीचा. सोबत गुडघ्याचा बाम. दोन्ही बाईंच्या हातात दिलं. फार खूश झाल्या. पुढे जे घडलं ते लिहितानाही घाम फुटतोय. खोपटात गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. भेटींचं रजिस्टर! त्यात लिहिलं: मिस्टर चौधुरी यांच्याकडून एक मासा, एक मलम. आणि मला म्हणाल्या, इथे सही करा.

चौतीस वर्षांत या कामावर कधी सही केलेली नाही. आज केली.

१६ मार्च, रविवार

बागेत चहापानाचा कार्यक्रम. आलेल्या भेटी सोडतीत लावतात म्हणे. वाईट दिसू नये म्हणून मीही एक तिकीट घेतलं. पहिलंच बक्षीस मला. हिल्सा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासा काखोटीला मारून बसने घरी आलो. मिनाराने मोहरी लावून केला. म्हणाली, चांगला आहे, कुठून आणला? बाम मात्र बाईंनी ठेवून घेतला.

रात्री नीट विचार केला. अर्थ स्पष्ट आहे. आमच्याकडेही साहेबांना मिठाईचा डबा छोटा वाटला की तो परत यायचा. मासा छोटा पडला.

१८ मार्च, मंगळवार

पंधरा दिवस संपले. मिनाराने विचारलं नाही, मीच सांगितलं की फाइल सरकतेय. ती म्हणाली, कुठली फाइल? बायकांना प्रशासन कळत नाही. पुन्हा काहीतरी सांगायला लागली, शाहेदचे आब्बा, जरा ऐकता का, म्हणून. मी घाईत होतो.

शाहेदने टोमणा मारलाच. म्हणे, आब्बा, तुमचा पूल अजून भाताच्या शेतात उभा आहे, लोक दोन्हीकडून शिडी लावून चढतात. त्याला शंभरदा समजावलंय. टेंडर पुलाचं होतं. रस्त्याचं टेंडर वेगळं, ठेकेदार वेगळा, आणि तो वारला. आजही बघावं, कठड्याला चीर नाही. वापर नसल्यामुळे नव्यासारखा राहिलाय. असा दुसरा पूल जिल्ह्यात दाखवा.

२ एप्रिल, बुधवार

मोठा हात मारायचं ठरवलं. बागेच्या फाटकापासून खोपटापर्यंत नुसता चिखल. मिसेस ओग्डेनना सांगितलं, मी स्वखर्चाने सिमेंटची पायवाट करून देतो. म्हणाल्या, कमिटीला विचारावं लागेल, पण कल्पना फार छान आहे. फार छान आहे, हे दोनदा म्हणाल्या. दोनदा म्हणजे झालंच.

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ

आज पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं! मशिदीतल्या दोस्ताला, मुशाहिद मियाला मदतीला घेतलं. सहा पोती सिमेंट आणलं. चार वापरली. दोन पोती शाहेदच्या शेडमध्ये जुन्या गोधडीखाली लपवली.

मुशाहिद मियाने फावडं टाकलं आणि विचारलं, अरे भाई, पैसे तुझे, सिमेंट तुझं, शेड तुझ्या पोराची. मग चोरतोयस कुणाचं? चाळीस वर्षं हॉटेलात कांदा चिरलेला माणूस, त्याला धंद्याचं काय समजणार. वाळू थोडी जास्त घालायची, ही हाताची सवय असते. तिला हिशेब नसतो.

घरी येऊन चहा घेतला. दोन पोती वाचली या विचाराने फार गाढ समाधान वाटलं.

८ एप्रिल, मंगळवार

काल दिवसभर पाऊस. सकाळी मिसेस ओग्डेन खताची हातगाडी घेऊन पायवाटेवरून निघाल्या. आधी चाक रुतलं, मागोमाग गमबूट. गमबूट आत राहिला, बाई बाहेर आल्या. एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, अरे देवा. बस, एवढंच. आमच्याकडे आमदाराने अर्धा तास शिव्या दिल्या असत्या. इथे माणसांना प्रेमच नाही.

मी लगेच खुलासा केला: नैसर्गिक आपत्ती, जमिनीचा दोष, शिवाय इथल्या वाळूत दम नाही. मागणी केली की चौकशी समिती नेमावी. त्या म्हणाल्या, हो, कमिटी बसणारच आहे.

वा! समिती! मी बांधलेल्या तीन नदीघाटांवर समित्या बसल्या होत्या, आणि तिन्ही वेळा दुरुस्तीचं काम मलाच मिळालं. प्रकरण शेवटी ओळखीच्या वाटेला लागलं.

२४ एप्रिल, गुरुवार

दुधीच्या सहाही बिया उगवल्या. दह्याच्या रिकाम्या डब्यांत, खिडकीत ओळीने. मिनारा सारखी कॅलेंडर बघते. जूनच्या आत जमिनीत गेल्या नाहीत तर संपलं, असं ती सुनेला सांगत होती, मला नाही.

संध्याकाळी चांगली साडी नेसून सुनेबरोबर बाहेर गेली. मीटिंग आहे म्हणाली. बायकांच्या कसल्या मीटिंगा. मी समितीच्या अध्यक्षांसाठी काय न्यावं याची यादी करत बसलो होतो. अध्यक्ष शाकाहारी आहेत. अडचण आहे.

६ मे, मंगळवार. सकाळी अकरा

मिळाली!!! जमीन मिळाली! सतरा नंबरचा तुकडा, पत्र आलंय. आणि गंमत म्हणजे पत्र मिनारा बेगम चौधुरी या नावाने. मिसेस ओग्डेन, मानलं बाई तुम्हाला. मालमत्ता बायकोच्या नावावर करायची असते, हे मी न सांगता ओळखलंत. वरवर किती साध्या वाटत होत्या.

पत्राची पहिली ओळ वाचून तडक मशिदीत गेलो. तीन किलो जिलबी वाटली. मुशाहिद मियाला सांगितलं, बघ, साहेब लोक इथले असोत की तिथले, शेवटी माणसंच. त्याने जिलबी खाल्ली आणि दुसरी उचलली.

७ मे, बुधवार

शाहेदने पत्र पूर्ण वाचून दाखवलं. मी म्हटलं गरज नाही. तरी वाचलं.

मिनाराने फॉर्म चार वर्षांपूर्वीच भरला होता. सुनेने लिहिला, हिने सही केली. तेव्हा यादीत एकेचाळिसावी होती. दर वर्षी दोघी जाऊन नंबर बघून यायच्या. या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचा नंबर लागला होता. माझ्याआधी. माझ्याशिवाय.

मग माझा मासा पोचला. मग माझी पायवाट. अर्ज आणि भेटी एकाच घरातून आल्यामुळे कमिटीने तिचा तुकडा दोन महिने अडकवून ठेवला, की हे वशिल्याचं प्रकरण तर नव्हे. ती साडी नेसून मीटिंगला गेली, त्या गुरुवारी कमिटीने तिला बोलावलं होतं. अकरा गोरी माणसं आणि ती.

सुनेने सांगितलं की आम्मा स्वतः इंग्रजीत बोलल्या. म्हणाल्या, नवरा वाईट नाही. त्याला रांगेत उभं राहायचं कुणी शिकवलं नाही. हवं तर आणखी थोडे दिवस थांबवा, पण नाव खोडू नका, माझी रोपं मरतील.

मी मिनाराला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तीनदा सांगायला आले होते.

पत्रात अट आहे. सतरा नंबरवर श्री. चौधुरी यांनी कोणतीही भेटवस्तू, मासा अथवा बांधकाम साहित्य आणू नये.

माझं म्हणणं एवढंच की अट अवमानकारक आहे. अपील करता येईल. शाहेदला मसुदा करायला सांगितलं. तो शेडमध्ये गेला, दोन पोती उचलून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मसुद्याचा विषय तिथेच राहिला.

१ जून, रविवार. दुपार

दोन महिने तण माजलेला तुकडा साफ करायला तीन आठवडे लागले, मग काल रोपं जमिनीत लागली. सहापैकी चार. दोन खिडकीतच पिवळी पडून मेली, जास्त दिवस डब्यात राहिली म्हणून. मिनारा त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. खूप वाईट वाटलं. लिहून टाकतो, कोण वाचतंय.

मी कुंपणाबाहेर कालव्याच्या बाकावर होतो. माझ्या पायवाटेनंतर नवा नियम झालाय, फक्त नोंदणी झालेली माणसं आत जाऊ शकतात. मिनारा मातीत गुडघे टेकून बसली होती, मिसेस ओग्डेनशी काहीतरी बोलत होती, आणि मोठ्याने हसली. इतकं मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हतं.

परत येताना तिला म्हटलं, आता तू आतली आहेस. मांडव बांधायला माणूस लागेल. बाईंच्या कानावर माझं नाव घाल. ती म्हणाली, ओळखीने काम मी करत नाही. मदतनिसाचा फॉर्म असतो. पिशवीतून काढून दिला. तिने आधीच आणून ठेवला होता.

आज सकाळपासून तोच भरतोय. मदतनिसांच्या यादीत माझ्याआधी आठ जण आहेत. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. खाली विचारलंय, पूर्वीचा अनुभव. मी लिहायला घेतलं, चौतीस वर्षं. मिनारा कांदा चिरता चिरता म्हणाली, त्यांना हे विचारायचंय की तुम्ही आजवर काही उगवलंय का.

दोन तास झाले. आठवून बघितलं.

रकाना रिकामा सोडला.